अडीच मिनिटांचा सौदा: ॲक्शन ट्रेलर आपल्याला पकडतो कसा?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले चार-दोन 'म्हणजे' आणि 'काय ते' कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? मग आज आधी एक काम करू.

एपिसोड जरा थांबवा आणि कुठल्याही ॲक्शन सिनेमाचा ट्रेलर लावा. हिंदी, तेलुगू, इंग्रजी, काहीही चालेल. फक्त फोन टेबलावर पालथा ठेवा. बघायचं नाही. ऐकायचं.

झालं? काय ऐकू आलं सांगतो. सुरुवातीला खोल कुठून तरी येणारा घुमणारा आवाज. त्यावर कुणीतरी जड आवाजात, सावकाश दोन वाक्यं बोललं. मग 'ढुम्म'. मग शांतता. परत 'ढुम्म'. मग ठोके जवळ जवळ येत गेले. बंदूक, दार, ब्रेक, बुक्की, सगळं त्या ठोक्यावरच पडायला लागलं. आवाज चढत चढत गेला आणि एकदम बंद! त्या शांततेत एक छोटं वाक्य, बहुतेक वेळा विनोदी. मग शेवटचा दणका आणि तारीख.

आता दुसऱ्या सिनेमाचा ट्रेलर लावा. परत तेच. पाच ट्रेलर असे ऐकले की लक्षात येतं, आपण ट्रेलर 'बघितला' म्हणतो खरं, पण अंगावर काटा आणायचं अर्धं काम कानातून झालेलं असतं.

मी सिनेमावाला नाही हे आधीच सांगतो. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. सांगली, मिरज, जयसिंगपूर, सीझनला कधी बेळगावपर्यंत. सहा-सात वर्षांपूर्वी लोकांना तीन तासांची डीव्हीडी हवी असायची. आता आधी विचारतात, "टीझर कधी देणार?" हळदीच्या आधी टीझर, लग्नानंतर ट्रेलर. आणि नवरदेवाची फर्माईश ठरलेली: "दादा, एकदम केजीएफ वाटलं पाहिजे!" त्यामुळे मी गेली काही वर्षं ॲक्शन ट्रेलर एकेका फ्रेमवर थांबवून बघतोय. ते शिकता शिकता माझ्या हातून एक चूकही झाली. ती शेवटी सांगतो.

पहिली पाच सेकंदं

ट्रेलर या शब्दाचा अर्थ मागून येणारा. शंभरएक वर्षांपूर्वी अमेरिकेत या जाहिराती सिनेमा संपल्यावर दाखवायचे, म्हणून ते नाव. पण सिनेमा संपला की लोक उठून जायला लागतात. मग ही जाहिरात पुढे आली, नाव मात्र मागचंच राहिलं.

आज उलट आहे. आज आपण सुरुवातीलाच उठून जातो. म्हणजे अंगठ्यानं. यूट्यूबवर जाहिरात आली की पाच सेकंदांनी 'स्किप' येतं आणि आपला अंगठा आधीच तिथं जाऊन बसलेला असतो. त्यावर ट्रेलरवाल्यांनी काय युक्ती काढली? २०१६ साली 'जेसन बॉर्न'चा ट्रेलर आला, तेव्हा लोकांना एक विचित्र गोष्ट दिसली. ट्रेलर सुरू व्हायच्या आधी त्याच ट्रेलरचा पाच सेकंदांचा ट्रेलर होता. धडाधड चार-पाच शॉट, आणि मग खरा ट्रेलर. तेव्हा लोक हसले होते. आता जवळजवळ सगळेच करतात.

तुम्हाला वाटेल हा वेडेपणा आहे. पण थिएटरात माणूस अंधारात बसलेला असतो, तिकीट काढून आलेला असतो, तो कुठं जाणार? त्याच्यासाठी ट्रेलर हळू सुरू झाला तरी चालतो. बसमध्ये उभं राहून फोन बघणाऱ्याला मात्र आधी हातात काहीतरी द्यावं लागतं. लग्नाच्या टीझरमध्ये मी पण तेच करतो. पहिल्या तीन सेकंदांत घोड्यावरचा नवरदेव आणि ड्रोनमधून दिसणारी वरात. गणपतीची मूर्ती आणि मंगलकलश नंतर. आमच्या मावशीला हे अजिबात पटत नाही. "आधी गणपती नको का?" म्हणते. मी म्हणतो, मावशी, गणपती आहेच, पण स्किपच्या पलीकडे आहे.

चढण कशी बांधतात

एक जाड हिशेब सांगतो. अमेरिकेत थिएटरसाठीच्या ट्रेलरला बरीच वर्षं अडीच मिनिटांची मर्यादा होती. २०१४ मध्ये तिथल्या थिएटर मालकांच्या संघटनेनं सांगितलं, दोन मिनिटांतच आटपा. सक्ती नव्हती, पण मापाचा अंदाज येतो. दीडशे सेकंदं, फार तर.

त्या दीडशे सेकंदांचे साधारण तीन भाग पडतात. पहिला भाग: हा माणूस कोण, त्याचं जग कसं आहे. यात शॉट लांब असतात, श्वास घ्यायला जागा असते. दुसरा भाग: काहीतरी बिघडलं. मुलगी पळवली, बाँब चोरीला गेला, जुना शत्रू परत आला. शॉट आखूड होत जातात. तिसऱ्या भागात कथा सांगायचं सोडूनच देतात. तिथं फक्त हालचाल असते. कोण कुणाला का मारतंय हे तुम्हाला कळत नाही, आणि तेव्हा ते कळायची गरजही वाटत नाही, कारण दुसऱ्या भागानं एक प्रश्न तुमच्या डोक्यात पेरून ठेवलेला असतो.

नवखा एडिटर इथंच चुकतो. मी पण चुकायचो. पहिल्या सेकंदापासून सगळं फास्ट करायचो. ढोल, ताशा, ड्रोन, स्लो मोशन, फटाके. आणि बघणारा तीस सेकंदांत थकायचा. वेग जाणवायला आधी हळू असावं लागतं. घाट चढल्याशिवाय उताराची मजा नाही.

दुसरी एक गोष्ट मी 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' वरून शिकलो. २०१५ चा जॉर्ज मिलरचा सिनेमा, एडिटिंग मार्गारेट सिक्सेल यांचं, त्यासाठी त्यांना ऑस्कर मिळालं. इतके भराभर कट असूनही डोकं दुखत नाही, कारण महत्त्वाची गोष्ट जवळजवळ प्रत्येक शॉटमध्ये चौकटीच्या मधोमध ठेवलेली आहे. डोळ्याला शोधत फिरावं लागत नाही. कट बदलतो, नजर तिथंच राहते. आता हे फोनच्या पडद्यावर लावून बघा. हाताएवढा पडदा, त्यात उन्हाची तिरीप. ज्या ट्रेलरमध्ये नजर इकडून तिकडे पळवावी लागते तो फोनवर नुसता गोंगाट वाटतो. माझ्या वरातीच्या शॉट्समध्ये आता नवरदेव मधोमधच असतो. कोपऱ्यात नाचणारे त्याचे मित्र रागावतात, पण इलाज नाही.

आवाजाची गंमत

२०१० च्या 'इन्सेप्शन'च्या ट्रेलरमधून तो प्रसिद्ध 'ब्राऽऽम' गाजला. भोंगा आणि भूकंप एकत्र केल्यासारखा. नंतरची कितीतरी वर्षं इमारत पडो, जहाज बुडो, परग्रहावरचं कुणी उतरो, ट्रेलरमध्ये तोच आवाज. गंमत म्हणजे 'इन्सेप्शन'चं संगीत हान्स झिमरचं, पण तिच्या एका ट्रेलरमध्ये वाजणारी 'माइंड हाइस्ट' ही धून झॅक हेम्सी नावाच्या दुसऱ्याच संगीतकाराची. ती सिनेमात नाही. म्हणजे ज्या संगीतानं तुम्हाला थिएटरकडे ओढलं ते थिएटरात भेटतच नाही! ट्रेलर बनतो तेव्हा कित्येकदा सिनेमाचं संगीत तयारच नसतं, त्यामुळे फक्त ट्रेलरसाठी संगीत करणाऱ्यांचा वेगळा धंदाच आहे.

आणि सगळ्यात भारी आवाज कुठला माहितीये? शांतता. मोठा दणका बसायच्या आधी अर्धा-एक सेकंद सगळं काढून टाकतात. कान त्या पोकळीत पुढे सरकतो आणि मग दणका दुप्पट लागतो. आपल्या ढोल-पथकातल्यांना हे सांगायला नको. सगळे ढोल एकदम थांबतात, नुसता झेंडा हलत असतो, आणि मग टोल पडतो. छातीत काय होतं तेव्हा?

उलटा मसालाही चालतो. 'जवान'चा जो पहिला तुकडा जुलै २०२३ मध्ये आला, ज्याला त्यांनी 'प्रीव्ह्यू' म्हटलं होतं, तो आठवा. सगळी मारधाड झाल्यावर शेवटी टक्कल केलेला शाहरुख खान मेट्रोच्या डब्यात नाचतो. वाजतं काय? १९६२ च्या 'बीस साल बाद' मधलं हेमंतकुमारांचं मऊ गाणं. आजोबांच्या रेडिओवरचं गाणं आणि समोर ओलीस धरलेली माणसं. भीती वाटते आणि हसूही येतं, दोन्ही एकदम. असं काही दिसलं की माणूस ते विसरत नाही, दुसऱ्याला पाठवतो.

पाठवण्यासारखा एक क्षण

आपण अख्खा ट्रेलर कधीच कुणाला सांगत नाही. आपण म्हणतो, "अरे, तो सीन बघितलास का?"

२०१८ च्या 'मिशन: इम्पॉसिबल – फॉलआउट'च्या ट्रेलरमध्ये बाथरूममधली मारामारी आहे. हेन्री कॅव्हिल कोट काढतो आणि बुक्की मारायच्या आधी दोन्ही दंड असे झटकतो, जणू बंदुकीत गोळ्या भरतोय. एका सेकंदाची गोष्ट! जगभर त्याचे मीम झाले. 'केजीएफ चॅप्टर २'च्या टीझरमध्ये यश मशीनगननं गाड्यांचा चुराडा करतो आणि मग तापून लाल झालेल्या त्या नळीवर सिगारेट पेटवतो. दोन्हीकडे मोठं काय ते आधीच होऊन गेलंय किंवा व्हायचंय. लक्षात राहते ती छोटी, माणसाची लकब. इमारत कुणीही पाडतं हो. सिगारेट कशी पेटवली, ते त्याचं एकट्याचं.

किती सांगायचं?

इथून पुढे सौदा सुरू होतो. ट्रेलरला तुम्हाला ओढायचंय, म्हणजे काहीतरी चांगलं दाखवायला लागणार. पण चांगलं दाखवलं की सिनेमातलं तेवढं कमी होणार.

'टर्मिनेटर २', १९९१. पहिल्या भागात अर्नोल्ड श्वार्झनेगर खलनायक होता. दुसऱ्या भागात जेम्स कॅमेरॉननं सुरुवात अशी रचलीय की हा परत त्या पोराला मारायला आलाय असंच वाटावं. मग मॉलच्या बोळात तो बंदूक काढतो आणि कळतं, अरे, हा तर वाचवायला आलाय! केवढा धक्का असता! पण ट्रेलरनं ते आधीच सांगून टाकलं होतं. पुढे २०१५ च्या 'टर्मिनेटर जेनिसिस'च्या वेळी तर सिनेमातलं सगळ्यात मोठं गुपितच ट्रेलरमध्ये आलं, आणि ते दिग्दर्शक ॲलन टेलरलाही रुचलं नव्हतं, हे त्यानं उघड सांगितलं.

दुसऱ्या टोकाला 'स्पायडर-मॅन: नो वे होम', २०२१. सिनेमात तीन स्पायडर-मॅन आहेत हे लपवायचं होतं. म्हणून ट्रेलरमधून दोघांना चक्क पुसून टाकलं. पण ब्राझीलमध्ये आलेल्या ट्रेलरमध्ये एका फ्रेमला त्या सरड्यासारख्या खलनायकाचं तोंड वाकडं होतं, कुणीतरी बुक्की मारल्यासारखं. मारणारा मात्र दिसत नाही! चाहत्यांनी ते फ्रेम-फ्रेम करून पकडलं. आता ट्रेलर लपवतो आणि आपण शोधतो, हाच एक खेळ झालाय. तिकीट काढायच्या आधीच सिनेमा बघणं सुरू झालेलं असतं.

दाखवलं ते मिळतं का?

'फॉलआउट'च्याच ट्रेलरमध्ये एक शॉट आहे. हेलिकॉप्टर रस्त्याच्या अगदी जवळ आलंय आणि समोरून ट्रक. आता आदळणार! मी थिएटरात शेवटपर्यंत त्या ट्रकची वाट बघत होतो. तो आलाच नाही. सिनेमात तो शॉट नाही.

ही फसवणूक आहे का? गंमत वाटेल, पण कोर्टात गेलेली माणसं आहेत. २०११ च्या 'ड्राइव्ह'च्या ट्रेलरवरून गाड्यांच्या शर्यतीचा सिनेमा असेल असं वाटलं आणि निघाला संथ, गप्प सिनेमा, म्हणून अमेरिकेत एका बाईंनी दावा लावला. तो टिकला नाही. आणि आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे. २०१६ चा शाहरुखचा 'फॅन'. 'जबरा फॅन' हे गाणं जाहिरातीत सगळीकडे वाजलं, सिनेमात नव्हतंच. इथल्या एका शिक्षिकेनं ग्राहक मंचाचं दार ठोठावलं. मुलांना गाणं आवडलं म्हणून आम्ही गेलो, ते दाखवलंच नाही. राज्य ग्राहक आयोगानं त्यांचं म्हणणं मान्य केलं. दहा हजार भरपाई आणि पाच हजार खर्च. राष्ट्रीय आयोगानंही ते कायम ठेवलं. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल फिरवला. प्रोमो म्हणजे करार नव्हे, त्यातलं सगळं सिनेमात असेलच असं वचन त्यातून निघत नाही, असा त्याचा सारांश.

कायद्यानं ते बरोबर असेल. पण त्या बाईंचा मुद्दा मला आजही पटतो. चार तिकिटं, रिक्षा, पॉपकॉर्न. ज्याच्या घरी महिन्यातून एकदाच सिनेमा होतो, त्याच्यासाठी ट्रेलर हाच तर करार असतो.

कधी कधी ट्रेलर सिनेमालाच गिळतो. २०१६ च्या 'सुसाइड स्क्वाड'चा 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'वर कापलेला ट्रेलर इतका गाजला, की स्टुडिओनं सिनेमाची एक आवृत्ती ट्रेलर बनवणाऱ्या कंपनीकडूनच एडिट करून घेतल्याच्या बातम्या आल्या. दिग्दर्शक डेव्हिड आयर पुढे उघड म्हणाला, थिएटरात आला तो माझा सिनेमा नव्हे. दीडशे सेकंदांचा वेग दोन तास ओढायचा म्हटलं की असं होतं. चटणी चवीला असते. ताटभर चटणी कोण खाणार?

दोन सेकंदं आणि माझी चूक

जानेवारी २०२५ मध्ये 'छावा'चा ट्रेलर आला, तेव्हा काय झालं आठवतंय? संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसतात, एवढा छोटा तुकडा. महाराष्ट्रात त्यावरून मोठी नाराजी उठली. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी सिनेमा यायच्या आधीच तो प्रसंग काढत असल्याचं जाहीर केलं. बरोबर-चूक हा वाद मी इथं करत नाही. मला त्यातून एडिटर म्हणून एक गोष्ट दिसली. अख्ख्या प्रसंगाचा अर्थ त्या दोन सेकंदांवर येऊन पडला, कारण लोकांच्या हातात तेवढंच होतं. मागचं-पुढचं काहीच नव्हतं. कट म्हणजे हेच. तुम्ही मागचं-पुढचं कापता.

आता माझं सांगतो. एका लग्नाचा ट्रेलर केला होता. नवरदेवाला ॲक्शन स्टाइल हवी होती, मी जीव तोडून केली. शेवटी काहीतरी 'पाठवण्यासारखं' पाहिजे म्हणून पाठवणीचा शॉट घेतला. मुलीचे वडील. आयुष्यात कुणासमोर न रडलेला माणूस. गाडी हलली आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला, तेवढाच तुकडा. आधीची सगळी धून बंद केली, अर्धा सेकंद शांतता, स्लो मोशनमध्ये तो चेहरा, आणि वर 'ढुम्म'. तंत्र म्हणाल तर चोख होतं. मग परत वरात, परत नाच.

दोन दिवसांत तो गावभर फिरला. कुणीतरी शेवटचा तुकडा कापून त्यावर विनोदी ओळ टाकली. पोरं चौकात त्यांची नक्कल करायला लागली. आठवड्यानं काकांचा फोन आला. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाळा, मी का रडत होतो ते पण टाकायचं होतंस रे."

मी फोन हातात धरून नुसता बसलो. माझ्याकडे होतं ना ते! गाडी हलायच्या आधी मुलगी परत खाली उतरली होती. बाबांच्या खिशातल्या बीपीच्या गोळ्या बघून गेली होती, आणल्यात की नाही. सहा सेकंदांचा शॉट. मी तो काढला होता, कारण तिथं बीट बसत नव्हता.

नंतर मी ट्रेलर बदलून दिला, पण जो फिरला तो फिरलाच. तेव्हापासून एक नियम केलाय. माणूस रडत असेल तर आधीची सहा सेकंदं ठेवायची. बीट गेला उडत.

तर मग काय करायचं?

ट्रेलर बघू नका असं मी सांगणार नाही, मी स्वतः रोज बघतो. तीन साध्या सवयी सांगतो. एक, ट्रेलर आवडला की एकदा आवाज बंद करून बघा. चित्रात दम असेल तर तरीही धरून ठेवेल. दोन, वाट बघत असलेल्या सिनेमाचा पहिला टीझर बघून थांबा. शेवटचा ट्रेलर बहुतेक वेळा जे अजून तयार झालेले नाहीत त्यांच्यासाठी असतो आणि त्यात जास्त उघडं केलेलं असतं. तुम्ही आधीच पटलेले आहात. तीन, कुणाचा दोन सेकंदांचा तुकडा पुढे पाठवताना स्वतःला विचारा, याच्या आधीची सहा सेकंदं कुठं गेली?

आणि हो, सुरुवातीला फोन पालथा ठेवायचं काम केलं नसेल तर आता करा. कुठल्या ट्रेलरनं नुसत्या आवाजावर काटा आणला ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात तेच आवाज एकेक करून सोडवून बघू.

काळजी घ्या. भेटू लवकरच!